वकीलसाहेबांच्या कबरीपाशी

शिकागोजवळच्या आमच्या गावात दर ऑक्टोबरला एक भन्नाट प्रकार होतो. जुन्या दफनभूमीत हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून एकेका कबरीपाशी उभी राहतात आणि तिथे पुरलेल्या माणसाचं आयुष्य ‘मी’ म्हणून सांगतात. लोक घोळक्याने फिरत ऐकतात. भाषणं लिहून द्यायचं काम माझं.

मागच्या वर्षी मी एकोणिसाव्या शतकातल्या एका वकिलाच्या प्रेमातच पडले. शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. एका वकिलाच्या ऑफिसात पडेल ते काम करत कायदा शिकला, राज्याच्या विधानसभेत निवडून गेला, आणि तिथे विधेयक काय मांडलं? तर लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची नाही, तिची स्वतःची! विधेयक आपटलं आणि पुढच्या निवडणुकीत साहेबही आपटले.

ऐन दिवशी वकिलाची भूमिका करणारे गृहस्थ तापाने आडवे झाले. भाषण पाठ होतं फक्त मला. मी नागपूरची वकील. पण इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, काम करायची परवानगीच नाही. ती मिळेपर्यंत इथल्या वकिलीच्या परीक्षेची अशी धास्ती बसली की मी तो विषयच बंद केला होता. आता चार माणसांपुढे आपलं तोंड उघडेल का, याचीच मला खात्री नव्हती.

काळा कोट चढवला. घोळका समोर आला आणि पाठ केलेलं सगळं साफ उडालं. नागपूरच्या कोर्टातल्या सवयीने तोंडातून निघालं, “मिलॉर्ड!”

लोक हसले. मीही हसले, आणि मग जी सुटले! भाषण गेलं खड्ड्यात, मी सरळ केसच लढवली. पहाटेपासून लोणी घुसळणारी बाई उभी केली, ते विकून आलेले पैसे दारूत उडवणारा नवरा उभा केला, आणि समोरच्या एका टोपीवाल्याला विरोधी पक्षाचा आमदार ठरवून असा फैलावर घेतला की बिचाऱ्याने टोपीच काढली. काय मजा आली म्हणून सांगू! अंगात वारं शिरलं होतं नुसतं.

टाळ्या पडल्या. नवरा मागे आ वासून उभा. त्याने मला कोर्टात कधी पाहिलंच नव्हतं.

“अगं, तू अशी आर्ग्यू करायचीस? यार, मला माहीतच नव्हतं!”

तेवढ्यात काठी टेकत एक आजीबाई पुढे आल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “तुमचं ऑफिस कुठे आहे? माझं घरमालकाशी भांडण चाललंय.”

मी म्हटलं, “मी इथे वकील नाही अजून. परीक्षा द्यायची राहिलीय.”

“मग द्या ना लवकर,” आजीबाई वैतागून म्हणाल्या. “मला काही फार वर्षं थांबता येणार नाही.”

“देते,” मी म्हणाले, आणि ते ऐकून सगळ्यांत जास्त मीच दचकले.