कुणी न घेतलेलं नाव

माझं नाव इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते इतकं दुर्मीळ आहे की लिहिलं तर इंदूरच्या स्नेहलतागंजात कुणीही बोट दाखवून सांगेल, ती बघा, तिसऱ्या मजल्यावरची. जुनं, भारदस्त नाव आहे, एवढं पुरे. पंचेचाळिशी उलटली, पण त्या नावाची दुसरी बाई मला अजून भेटलेली नाही. आणि गंमत म्हणजे त्या नावानं मला हाक मारणारं माणूसही घरात कधी भेटलं नाही. घरात मी बेबी.

जुन्या लोकांना याचं कारण सांगावं लागत नाही, नव्यांसाठी सांगते. ते नाव माझ्या आजीचं. माझ्या जन्माच्या काही महिने आधी ती गेली, आणि मुलगी झाली म्हटल्यावर तिचंच नाव ठेवलं. ठेवलं खरं, पण घेणार कोण? आईची ती सासू, आणि सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही ही रीत. त्यातून लेकरू म्हटलं की दिवसभर ओरडणं आलंच. सासूच्या नावानं ‘गधडे, नाक पूस’ कसं म्हणणार? वडिलांचीही तीच पंचाईत, त्यांची तर ती आई. तेव्हा कागदावर आजीचं नाव आणि तोंडात बेबी, अशी तोड निघाली. नावाचा मान राहिला, असं सगळे म्हणत. मान राहिला, पण नाव मात्र कपाटातल्या शालूसारखं घडीवर विरत गेलं.

मला याचा राग यायचा. लहानपणी दिवेलागणीला गल्लीतल्या आया गॅलरीतून आपापल्या मुलींना हाका मारायच्या. नावं साधीच, पण कशी ठसक्यात घ्यायच्या! आमच्या आईनं ‘ए बेबी’ म्हटलं की गल्लीतल्या दोन-तीन बेब्या एकदम वळून बघायच्या. एकदा मी आईला म्हटलं, तू माझं नाव नुसतं म्हणून दाखव. ती हसली आणि कुकर बघायला आत गेली. शिट्टी झालेली नव्हती.

मोठी झाले तरी यात फरक पडला नाही. भंवरकुआंला कोचिंगमध्ये मी केमिस्ट्री शिकवते, तिथे मी मॅम. सोबतचे लोक आडनावापुढे ‘जी’ लावतात. बँकेतला बाबू कधीमधी ते नाव पुकारतो, तेही मोडूनतोडून, आणि मी आधी आजूबाजूला बघते, कुणाचा नंबर लागला म्हणून. लग्न मी केलं नाही, त्यामुळे सासरी तरी नावानं हाक मारतील ही आशाही उरली नाही.

धाकट्या भावानं उशिरा लग्न केलं. भावजय माळवी घरातली, बोलकी, मनानं स्वच्छ. मराठी ती आमच्याच घरात शिकली, म्हणजे आमच्यासारखीच अर्धी हिंदीत बोलते. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली आणि नाव शोधायला सुरुवात झाली. हल्ली सगळ्यांना ‘यूनिक’ नाव हवं असतं. मग सगळेच यूनिक नावं ठेवतात, आणि खाली बागेत एकीला हाक मारली की चौघी धावत येतात. भावजय रोज फोनवर नावं काढायची, भाऊ रोज मान डोलवायचा, आणि रोज कुणाच्या तरी ओळखीत त्याच नावाची मुलगी निघायची.

एक दिवस तिनं फोनवर माझंच नाव टाकून बघितलं. जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. लोकप्रियता फार कमी. या नावाच्या मुली शांत, मितभाषी आणि सर्वांशी जुळवून घेणाऱ्या असतात. भावाला ठसका लागला. आई म्हणाली, यांनी आमची बेबी बघितलेली दिसत नाही. मीही हसले. पण भावजय हसली नाही. तिला नाव मनापासून आवडलं होतं.

“दीदी, हेच ठेवू ना,” ती म्हणाली. “आपका नाम लेकर डाँटूँगी उसको, बस तुम्ही बुरा मानू नका.”

आई लगेच म्हणाली की एका घरात एका नावाची दोन माणसं नकोत. भाऊ नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी बोलला. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे शेवटचा शब्द माझा. मी विचार करून सांगते म्हटलं आणि उठले.

मला वाईट वाटलं होतं, खरंच सांगते. जे नाव मला आयुष्यभर नुसतं सही करायला मिळालं, ते आता दुसरीचं होणार. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. पोरगी दिवसभर आमच्या आईजवळच असणार, आणि आई तिला छोटी बेबी म्हणणार. घर तेच म्हणायला लागेल, भावजयही. म्हणजे नाव आणखी एक जन्म घडीतच पडून राहणार. दोन दिवसांनी मी सांगितलं की मी तयार आहे, पण एका अटीवर. मी बाळाच्या कानात नाव सांगीन, आणि पाळण्याशी पहिली हाक आईनं मारायची, त्याच नावानं, मोठ्यानं. आईनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी ती गॅलरीत लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. मी थोडी तिरसटपणे म्हटलं की आजी जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुणाला भ्यायचं?

“भीती नव्हती गं,” ती म्हणाली. “सासू चांगली होती. लोकांना वाटतं, तुझं नाव तुझ्या बाबांनी ठेवलं. मी ठेवलं.”

मग तिनं हळूहळू सांगितलं. आजी शेवटच्या आजारात होती, मी आईच्या पोटात. आई तिला पेज भरवत असताना आजी म्हणाली की सासरी पाय ठेवल्यापासून तिला कुणी तिच्या नावानं हाक मारलीच नाही. आधी सगळ्यांची वहिनी झाली, मग सगळ्यांची माई. आजोबा तर ‘अगं’च्या पुढे कधी गेलेच नाहीत. तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, नात झाली तर तिला माझं नाव ठेव, म्हणजे घरात ऐकू तरी येईल.

“मी हो म्हटलं,” आई म्हणाली. “ठेवलंही. आणि मग मीच तुला बेबी केलं. रीत म्हणून सोपं पडलं, दुसरं काय.”

लसूण सोलून झाला होता तरी ती टरफलं चिवडत बसली. मला तिच्यावर रागावता येईना. तिलाही त्या घरात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. वडील तिलाही ‘अगं’च म्हणायचे. मी तिला म्हटलं की अट सोडून दे, नाही जमलं तरी चालेल. ती टरफलं गोळा करून आत गेली.

बारशाला घर भरलं होतं. घुगऱ्यांवरही शेव पडली, इंदूरच ते. पाळण्याभोवती बायका जमल्या. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि माझ्या पाठीत धपाटे बसले, त्यातला सगळ्यात जोराचा भावजयीचा. मग सगळ्या जणी आईकडे बघायला लागल्या. आईनं पदर सारखा केला, पाळण्याची दोरी धरली. ओठ हलले, आवाज आला नाही. मी मान खाली घातली.

आणि आईनं नाव घेतलं. स्वच्छ, पूर्ण, एकही अक्षर न गिळता.

“ओ,” मी म्हटलं.

बायका खो खो हसल्या. कुणीतरी म्हणालं, बेबी, तुला नाही गं, बाळाला. मी ओशाळून आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिनं दोरी सोडली, पाळण्याकडे पाठ केली, आणि माझ्याकडे बघत तेच नाव पुन्हा घेतलं.