अक्काताई आत्याची गाठ

दुपारचं जेवण उरकून विजयमाला चटईवर आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच पंख्याची घरघर पाण्याची होते. आज पाच वाजता पोहणाऱ्या मंडळींबरोबर कृष्णा पार करायची आहे, तीही बिंड्याशिवाय. त्रेपन्न वर्षांची झाली तरी ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा कमरेला बांधूनच पोहते; घाटावरची पोरंसोरंसुद्धा तिची चेष्टा करतात. दरवर्षी ती हौसेनं नाव देते आणि आयत्या वेळी तिचं डोकं दुखतं.

फरशीच्या जागी घाटाची पायरी आहे. पुढे बसथांबा, गुडघाभर पाण्यात. बाकावर अक्काताई आत्या बसली आहे, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून. पोहायला शिकवलं ते हिनंच. तिला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली, पण विजयमालाला त्याचं काहीच नवल वाटत नाही.

"का गं, अजून बिंडाच?"

"गाठ तू मारलीस. 'मीच सोडणार, कुणी हात लावायचा नाही,' असं तूच म्हणालीस."

"व्हय. आणि मग मेले की मी. राहूनच गेलं."

"आता तरी सोड."

"माझ्या बोटांत जोर न्हाई. तुला दात हाईत न्हवं?"

विजयमालाला असा राग येतो! रागारागानंच ती गाठ दातांत धरते. गाठ सुटते. बिंडा वाहत निघून जातो, बसथांबाही जातो आणि पायाखाली काही उरत नाही. नदीचा मध्य. एरवी बिंडा बांधूनही दर वेळी ती इथूनच परतते.

"बुडेन मी, आत्या."

"बुडणारी बाई एवढं बोलत न्हाई. मागं बघ."

परतताना घाबऱ्या डोळ्यांना फक्त पायरी दिसायची. आज सगळं शहर दिसतं: वाळत घातलेली लुगडी, देवळांचे झेंडे, कठड्यावर बसलेली शाळेतली मुलं, लिंबाखालची चहाची गाडी. थोरल्या बाईभोवती घर बसावं तसं सगळं गाव नदीकडे तोंड करून बसलंय. नदी मात्र गप्प, आपल्या चालीनं चाललेली. विजयमालाला इतका आनंद होतो की हसताना तोंडात पाणी जातं.

"आत्या, पोहतेय मी."

"मग मला काय सांगतीस? पलीकडं जा."

"आई, साडेचार झाले," सून दारातून म्हणते. तिला दरवर्षीचं ठाऊक आहे. "डोकं दुखतंय का?"

"नाही."

बिंडा कोपऱ्यात आहे. दोरी मात्र सुटून खाली पडली आहे, ओलीचिंब, टोकाला दातांच्या खुणा. विजयमाला ती पिळते, अंगणातल्या तारेवर वाळत घालते आणि मोकळ्या हातांनी नदीकडे निघते.