अर्ज स्वीकारला, पोरगी नाही

कोल्हापूरबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात मी तीन वर्षं प्रवेश विभागात होतो. नाव सांगत नाही. सांगितलं तरी त्यांना लाज वाटणार नाही, आणि तेव्हा ती मलाही वाटत नव्हती.

एका वर्षी मोठ्या साहेबांना साक्षात्कार झाला. जे विद्यापीठ जास्त पोरांना नाकारतं, ते लोकांना भारी वाटतं. आमची पंचाईत अशी की नाकारायला पुरेशी पोरंच येत नव्हती. म्हणून फॉर्म फुकट केला आणि मला गाडी देऊन आजरा, नेसरी, हुपरी असं गावोगाव पिटाळलं. सगळ्यांना हव्या असलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या जागा तोवर कुणाकुणाच्या चिठ्ठ्यांवर भरूनही गेल्या होत्या. मला ते ठाऊक होतं. तरी मी बारावीच्या वर्गांत उभा राहून मोठी स्वप्नं बघा म्हणायचो आणि फॉर्म गोळा करून आणायचो. माझा आवाज चांगला आहे, पोरं ऐकायची.

फॉर्म भरला की फोनवर मेसेज जायचा. मजकूर माझाच होता. 'अभिनंदन! आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.' म्हणजे कागद पोचला, बाकी काही नाही. अभिनंदन आपलं शोभेला.

एके दिवशी सकाळी हुपरीहून एक माणूस मुलीला घेऊन आला. घरीच चांदीची पैंजणं करणारा, नखं काळी पडलेली. त्यानं टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला होता. मध्ये मुलीचा फोटो, वर आमच्या विद्यापीठाचं नाव, खाली सगळ्या भावकीची मुंडकी. मला हसू आवरेना. शेजारच्या क्लार्कलाही बोलावून दाखवला.

मग त्यांना बसवून खरं काय ते सांगितलं: फॉर्म नुसता पोचलाय, कॉम्प्युटरच्या जागा आधीच भरल्यात. मुलगी आधीच पांढरी पडली होती. पहिल्याच फेरीत तिला सरकारी कॉलेजात जागा लागली होती. आता इथं झालंय म्हणून त्यांनी ती पक्की केली नाही, आणि मुदत परवाच संपली होती.

"मेसेजात स्वीकारला म्हटलंय की," बाप म्हणाला. "मराठीत लिवलंय, पावणं. इंग्रजीत असतं तर कुणाला तरी इचारलं असतं."

मी म्हणालो, अर्ज स्वीकारलाय, पोरगी नाही. वाक्य मला आवडलं. पुढे आठवडाभर मी ते कँटीनमध्ये सांगत होतो.

तो माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. पण तो वळला तो मुलीकडे. बारावी झालीस आन् चार शब्द वाचाय येत न्हाईत, तोंड काळं केलंस गल्लीत, असं बरंच बोलला. मी मान हलवत राहिलो. चूक तिची ठरत होती आणि मला ते सोयीचं होतं.

तिनं एकच विचारलं. "सर, जागा नव्हत्या तर माझा फॉर्म भरून घेतला कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते सोडून मी म्हणालो, नाराज होऊ नकोस, पुढच्या वर्षी परत भर. पेढे ते तिथंच विसरून गेले. दुपारच्या चहाबरोबर आम्ही ते संपवले.

तिचं वर्ष गेलं. बापाबरोबर ती पैंजणांना घुंगरू जोडत बसायची, असं मागाहून कळलं. पुढच्या हंगामात, फॉर्म भरायच्या आधी, तिनं शहाणपणानं मला फोन केला. सरकारी जागा मिळतेय, पण मन तुमच्याकडंच हाय, म्हणाली. यंदा तुमच्याकडं जागा हाय का, तेवढं खरं सांगा.

जागा नव्हती. साहेबांना मात्र गेल्या वर्षीपेक्षा जास्त नकार दाखवायचे होते.

"हाय की," मी म्हणालो. "भर."