खडूचे गोल

मी विकत घ्यायला गेलेली मोटारसायकल गॅरेजवाल्या चाचांनी माझ्यादेखत एका जुन्या गालिच्यावर आडवी निजवली आणि म्हणाले, "उचल बघू, बाय."

मला संताप आला. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते, दोनदा नापास होऊन का होईना पण मोटारसायकलचं लायसन्स मिळवलेलं. आखातातल्या या शहरात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरून टॅक्सी करून पार इंडस्ट्रियल एरियातल्या या गॅरेजात आले, ती काय परीक्षा द्यायला? नवरा म्हणाला होता, "घ्यायची तर नवी घे." मुलगा "आई, सीरियसली?" एवढंच बोलला होता. पण मला जुनीच हवी होती. शिकाऊ माणसाची पहिली गाडी पडणारच, आणि नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा मला सोसला नसता.

पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि हँडल धरून ओढलं. गाडी ढिम्म. पुन्हा ओढलं. माझीच कंबर बोलली.

"पाठ कर तिच्याकडं," चाचा म्हणाले. "बूड टेकव सीटला. एक हात हँडलाला, एक मागं. आता हातानं नको, पायानं उठ."

मी पायाने उठले आणि गाडी माझ्याबरोबर उठली. इतकं साधं होतं ते! आनंदाने मी वेड्यासारखी हसले. चाचा हसले नाहीत. "पडली तर रस्त्यात उचलनार कोन? म्हनून," एवढंच म्हणाले.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. ही अडीचशे सीसीची गाडी त्यांनी सोळा वर्षं स्वतः चालवलेली. "गुडघे खलास," म्हणून विकत होते. त्यांची विकायची तऱ्हा मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. त्यांनी खिशातून खडू काढला आणि गाडीतली एकेक खोट शोधून तिच्याभोवती पांढरा गोल काढू लागले. टाकीवरच्या पोच्याला गोल. इंजिनाखाली तेल पाझरत होतं तिथे गोल. मागचं टायर उन्हाने कडक झालेलं, त्याला मोठा गोल. प्रत्येक गोल काढला की निकाल सांगायचे. "ही निघते," किंवा "ही नाय निघायची, हिच्यासंगट रवायचं." विकणारा माणूस मालाची खोट झाकतो, हे मी लहानपणापासून बाजारात पाहिलेलं. हा माणूस मला न दिसणाऱ्या खोटीही दाखवत होता. मी भारावून गेले. गाडीच्या आधी मला तो माणूसच पसंत पडला.

"तर मग देताय ना?" मी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी ये. मी टायर बदलतो. तू माझ्यासमोर चालव, मी रेघ मारतो तिथं थांबव. मग सांगतो." ज्याला थांबवता येत नाही त्याला ते गाडी देत नसत. आधीच्या दोघांना त्यांनी तसंच परत पाठवलं होतं.

तो आठवडा माझा कसा गेला ते माझं मला ठाऊक. ती गाडी मला मिळायलाच हवी होती.

शुक्रवारी लवकर पोचले, तर चाचा नमाजाला गेलेले. गाडी बाहेर उभी, नवं टायर लावलेली. पर्समध्ये मी कुंकवाची डबी आणली होतीच. आमच्याकडे पूजा केल्याशिवाय गाडीला कुणी किल्ली लावत नाही, आणि त्यांच्यासमोर करायचा मला संकोच वाटत होता. वाऱ्याने कुंकू उडायला लागलं, म्हणून ते पर्समधल्याच केसांच्या खोबरेल तेलात कालवलं. पुढच्या चाकाला एक छान चकचकीत गोल पत्रा होता. त्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि हात जोडले.

चाचा आले. त्यांनी रिकाम्या गल्लीत खडूने रेघ मारली. "यल्ला, चल."

मी निघाले. काय सुरेख चालत होती! रेघ जवळ आली, मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबेना. घाबरून मागच्या ब्रेकचा विसरच पडला. रेघ ओलांडून मी वाळूत गेले आणि तिथे सावकाश आडवी झाले.

लागलं काहीच नाही, पण डोकं फिरलं. पाठ केली, बूड टेकवलं, गाडी एका दमात उभी केली आणि ढकलत चाचांसमोर आणली. "ब्रेक लागतच नाही तुमचा! सगळ्याला गोल काढलेत, हा बरा विसरलात?"

चाचांचा चेहरा उतरला. वाद नाही, सबब नाही. खडू काढला आणि ब्रेकच्या मुठीवर गोल ओढला. "माझी चूक," म्हणाले. "आज नाय देत. माझंच काम कच्चं राहिलं."

मी खाली पाहिलं. त्या चकचकीत पत्र्यावर माझं स्वस्तिक राहिलं नव्हतं, नुसतं लाल तेल पसरलं होतं. ब्रेक त्याच पत्र्याला धरतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. चाचा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते, त्यांना ते दिसत नव्हतं. गप्प राहिले असते तर त्यांनी दोष स्वतःच्याच माथी घेतला असता. सांगितलं तर ही गाडी गेली, आणि लाज वेगळीच.

"चाचा, ब्रेक चांगला आहे," मी म्हणाले. "मी तिथे तेलात कुंकू कालवून लावलं. मघाशी, तुम्ही नसताना."

चाचांनी बाहीने मुठीवरचा गोल पुसला आणि खडू माझ्यापुढे धरला. मला कळलं. मी हेल्मेट काढलं आणि त्याच्यावर, बरोबर कपाळाशी, एक गोल काढला.

चाचांनी हेल्मेट हातात घेऊन तो नीट तपासला.

"ही निघते," म्हणाले. "चल आत. आधी ब्रेक साफ करूया, एकदा रेघेवर थांबव, मग तुझ्या गाडीचे कागद."