शेवटचा आकडा

आमची नात शिवकांता लहानपणी पालीला भ्यायची नाही, अंधाराला भ्यायची नाही. उलट तिलाच आम्ही भ्यायचो. जळकोटातनं शिकायला गेली, डॉक्टर होऊन आली, अन् आता ताट पडलं तरी दचकते.

झालं असं की ती एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात होती. एक बाई फार उशिरा आणली, रक्त थांबेना, गेली बिचारी. नातेवाइकांनी काचा फोडल्या, हिच्या अंगावर धावले. ही चादरींच्या खोलीत कडी लावून बसली. तेव्हापासून हात थरथरतात. चहा घेताना कपबशी वाजते, अन् आम्ही ऐकू न आल्यासारखं करतो.

आता पुढचं शिक्षण. कुठं जायचं ते पसंतीच्या क्रमानं मोबाइलात भरायचं होतं. माझ्या लेकानं, बसवराजनं, क्रम लावून दिला. पहिलं लातूर, पॅथॉलॉजी. "तिथं रोग्याचं रक्त येतं, रोग्याचा भाऊ येत न्हाई," म्हणाला. मला लई पटलं. पोरीनं नुसती मान हलवली.

आमच्या घरात रिचार्ज स्वस्त दिसला की सगळे नंबर बदलतात. टिकलेला नंबर एकच, माझा. म्हणून फॉर्मवर तोच दिला. माझा बटणाचा फोन राहतो चंचीत, सुपारीसंगं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी बसवराज बाजारात गेला अन् चंचीत फोन वाजला. शिवकांता दारात उभी.

"आज्जी, आकडे आलेत बघ. सांग बरं."

"कशाचे गं?"

"मी क्रम बदलला. नांदेड वर घेतलं. बाळंतपणाचं. आकडे भरले की पक्कं."

"पप्पाला इचारलंस?"

"न्हाई."

"आन म्या आकडे न्हाई सांगितले तर?"

"पप्पांचाच क्रम राहतो."

"मग राहू दे की माय! तुला भ्या न्हाई वाटत का?"

"लई वाटतं. पण त्या दिवशी कडी लावून बसले, तवा दुसरी एक बाई कळांनी वरडायला लागली. मी भाईर आले. तिचं लेकरू हातात येईस्तोवर माझे हात हलले न्हाईत. तेवढाच येळ, आज्जी."

तिनं मोबाइल पुढं केला, आकडे भरायला बोट टेकवलं.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकडे ओळखते. एकेक वाचत गेले. शेवटचा मात्र तोंडातच धरला. न बघितलेल्या त्या फुटक्या काचा डोळ्यांपुढं आल्या.

"आज्जी, येळ संपाय लागलाय. आकडा हाय का सुपारी, चघळतीस ते?"

"सात," म्हणलं.

संध्याकाळी बसवराज भडकला. "कुणी दिले आकडे?"

"माझा फोन, म्या दिले." तो न जेवताच उठला.

आता ती नांदेडला आहे. फोन चंचीत ठेवत नाही मी, हातातच धरते. वाजला की आधी छातीवर हात, मग बटण. काल तिनं विचारलं, "जेवलीस का?" मागं कुणी बाई कण्हत होती.

"तू आधी तिकडं बघ," म्हणलं अन् फोन ठेवला. मग तो परत वाजू नये, अन् वाजावाही, म्हणून बसून राहिले.