भासऱ्यांसमोरचं चालणं

पहिल्याच दिवशी मी बोटाला थुंकी लावून रेघ पुसली.

समोर होती ती पाटी नव्हती, पेन टॅब्लेट होती. काळी, चपटी, पाटीएवढीच, आणि सोबत एक लेखणी. इथे रेघ ओढायची आणि ती उमटते समोरच्या पडद्यावर, हे मॅडमनी नुकतंच समजावून सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. पण आमची मान एकीकडे आणि हात दुसरीकडे. घोड्याचा पाय वाकडा गेला, बोट आपोआप जिभेशी गेलं, आणि मी त्या यंत्राच्या छाताडावर घासघास घासलं. पडद्यावरचा घोडा तसाच लंगडा. उलट घासताना दुसऱ्या हातातली लेखणी टेकली आणि त्याला पाचवा पाय फुटला.

शेजारी माझ्या लेकीहून लहान मुलगी बसली होती. ती हळूच म्हणाली, "काका, चूक पुसायला कंट्रोल झेड."

"ते कुठं मिळते?" मी विचारलं.

अख्खा वर्ग हसला. मीही हसलो, नाहीतर एकटा पडलो असतो.

आता पन्नाशीला टेकलेला माणूस अ‍ॅनिमेशनच्या वर्गात काय करत होता, तर ऐका. चिखलीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, कागद चोळून पाहायचं, सोनेरी गणपती निवडायचं. आता येतं आणि विचारतं, "हलती हाय काय?" म्हणजे मोबाईलवर पाठवायची पत्रिका. तिच्यात गणपती कान हलवतो, नवरदेव घोड्यावरून येतो, नवरी हार घेऊन उभी असते. हे काम मी अकोल्याच्या एका पोराकडून करून घ्यायचो. त्यानं एकदा घोडा उलटा चालवला. नवरदेव मंडपापासून मागं मागं जात दिसेनासा झाला. वधूपिता दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "जावाई वापस चालला काय हो?" त्या दिवशी मी ठरवलं, आता घोडे आपणच हाकायचे.

घरी-दारी बातमी पसरली. माझे मोठे भाऊ गावी शेती पाहतात. वडलांच्या मागं घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "लेका, या वयात हातात माळ घ्याची, तं तू कार्टून काढून राह्यला बे?"

"माळ पण काढीन, दादा," मी म्हणालो. "हलती."

हे मी फोनवर म्हणालो होतो. समोर असते तर म्हणालो नसतो.

वर्ग होता बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. मालक म्हणजे सर, आणि शिकवणाऱ्या मॅडम मेहकरच्या, वयानं माझ्या लेकीच्या बरोबरीच्या. सरांना मी पहिल्यापासून खुपत होतो. माझं टक्कल पाहून नवे पालक गोंधळायचे, मलाच फी विचारायचे. सर एकदा गोड आवाजात म्हणाले, "काका, छंद म्हणून असेल तर तुमच्यासाठी घरी व्हिडिओ पाठवू का?" मी म्हणालो, "छंद नाही, सर. धंदा आहे. आणि खुर्चीही सवयीची झाली." पोरं माझ्या चौपट वेगानं शिकायची. ठीक आहे. मी पावपट वेगानं शिकत होतो, पण उठत नव्हतो.

मग मॅडमनी शेवटचं काम दिलं. ओळखीचं एक माणूस घ्या आणि त्याला चालवा. एका सेकंदाला चोवीस चित्रं. पाऊल टेकतं, अंग त्यावर येतं, दुसरं पाऊल उचलतं, असं एक चक्र. ते जमलं की पात्र पडद्यावर न थांबता चालत राहतं. पोरांनी तलवारवाले वीर घेतले, एकानं यंत्रमानव घेतला. मी बायको घेतली. हक्काची, आणि विचारावं लागत नाही असं तेव्हा मला वाटत होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी दादांकडे गेलो होतो. ती स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघाली आणि अंगण ओलांडून ओसरीवर, दादा बसले होते तिथं, गेली. मी खांबाआडून मोबाईलवर तेवढं टिपलं. परत येऊन चित्रं काढायला बसलो. पहिल्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "काका, पाय जमिनीला लागतच नाहीत. ही चालत नाही, सरकते." मी खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा खोडलं. शेवटी ती मान खाली घालून, इवली इवली पावलं टाकत चालू लागली. सर मागून जात होते, ते थबकले.

"वा काका! काय संस्कारी चाल आहे. शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमात हीच लावू. पालकांना असंच आवडतं."

ज्यांना मी खुपत होतो त्यांनीच वाखाणलं. मी चित्र मोबाईलवर घेतलं आणि छाती काढून दुकानात आलो. बायको गल्ल्यावर बसून पत्रिकांना घड्या घालत होती. तिच्यासमोर मोबाईल धरला. तिनं एकदा पाहिलं. घडी बाजूला ठेवून पुन्हा पाहिलं.

"कोण हाय ही?"

"तू."

"मी?" तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. "हे माझं चालणं नाही. हे भासऱ्यांसमोरचं चालणं हाय."

दादा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोरून जाते तेव्हा पदर कपाळावर येतो, मान आत जाते, पाऊल वितीएवढं होतं. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरते, वाजू नयेत म्हणून. दादांनी कधी असं सांगितलं नाही, कोणीच सांगत नाही. सासू चालली तशी सून चालते. लग्न झाल्यापासून मी ते दर सणावाराला पाहत होतो, म्हणजे एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आता तेच मी चोवीस वेळा हातानं काढलं होतं. बांगड्यांवरचा हातसुद्धा काढला होता आणि मनात म्हणालो होतो, हाताची ठेवण काय सुंदर साधली!

"एवढी मेहनत केली मी," मी म्हणालो.

"मंग माह्यावर कराची होती. भासऱ्यांच्या धाकावर काऊन केली?" ती म्हणाली. "दाखवाचं असंल तं मले दाखवा. नाही तं या बाईले पुसून टाका."

मग मी तिचं खरं चालणं शोधायला निघालो आणि लक्षात आलं की ते मला फक्त मागून माहीत आहे. बाजारात ती पुढं आणि मी पिशवीसारखा मागं, हा आमचा संसार. पण चित्राला बाजूनं पाहावं लागतं. म्हणून त्या सोमवारच्या बाजाराला तिला सांगूनच मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, तिच्या बरोबरीनं, मोबाईल धरून चालू लागलो. चालू लागलो म्हणजे पळू लागलो. पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात पिशवी, उजवा हात असा मोकळा की समोरचा माणूस न सांगता बाजूला होत होता. टाच आधी पडायची आणि ठाम पडायची. मी पाहत राहिलो आणि सरळ मेथीच्या हातगाडीवर जाऊन आदळलो.

"काका," गाडीवाली ओरडली, "व्हिडिओ काढून राह्यले का जीव देऊन राह्यले?"

पलीकडून बायको न थांबता म्हणाली, "जाऊ द्या बाई. ते शिकून राह्यले."

नवं चित्र काढायला पहिल्याहून जास्त वेळ लागला. पाऊल लहान असलं की खोटं खपतं. मोठं पाऊल टाकायचं तर कंबर, खांदा, पिशवीचा झोल, सगळं एकमेकांना बांधावं लागतं. मनगट सुजलं. ज्या मुलीनं मला कंट्रोल झेड शिकवलं होतं, ती म्हणाली, "काका, माझा वीर तुमच्या काकूंसमोर टिकणार नाही." आणि मॅडमनी बराच वेळ पाहून मान डोलावली, "आता वजन आलं."

सरांनी पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "ही बाई भांडायला निघालीय का?"

"भाजी आणायला."

"काका, पहिलीच लावा. चांगली होती. नाहीतर राहू द्या. तुमच्या चित्राशिवायही कार्यक्रम होईल."

खरं सांगायचं तर मला सरांची भीती नव्हती. भीती होती दादांची. घरच्यांना आणा असं सांगितलं होतं, आणि मी पहिल्या चित्राच्या भरात त्यांना आमंत्रण देऊन बसलो होतो. पहिली बाई लावली असती तर सर खूश, दादा खूश, मीही सुटलो असतो. फक्त बायको सुटली नसती. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी वर्गात एकटा होतो तेव्हा ते जुनं चित्र पुसून टाकलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की पुसायचं का? आमच्या घरात एवढंही कोणी विचारत नाही. मी म्हणालो, नक्की.

संध्याकाळी मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडून वर्ग भरला. दादा पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले, बायको मागं बायकांत. वीर लढले, यंत्रमानव चालला, टाळ्या झाल्या. माझी पाळी आली. सर कॉम्प्युटरच्या उंदरावर, म्हणजे माउसवर, हात ठेवून बसलेले.

"काका, जुनी कुठाय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पुसली."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही आता. हीच आहे."

"मग पुढचं चित्र घेतो."

"घ्या. पण मी इथून हलत नाही," मी म्हणालो आणि पडद्याच्या ऐन समोर उभा राहिलो. माझं पोट पुरेसं आहे. माझ्यामागं कोणाचं चित्र दिसलं नसतं. लोक माना वेळावू लागले. सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पुढं होऊन उंदीर स्वतःकडे घेतला आणि म्हणाल्या, "काका, बाजूला व्हा, लावते."

ती चालू लागली. पदर खोचून, पिशवी झुलवत, सबंध पडदाभर. मागं बायकांत हशा झाला, कोणीतरी "आत्ता गं!" म्हणालं. आणि पहिल्या रांगेतून दादांचा खणखणीत आवाज आला.

"कोणाची सून हाय बे ही?"

कार्टून हाय दादा, कोणाचीच नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिथंच दाबलं.

"आपलीच हाय, दादा."

दादांनी पडद्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागं पाहिलं. ती ताठ बसली होती, पदर खांद्यावर. तिनं तो डोक्यावर ओढला नाही. मीही चित्र बंद करायला गेलो नाही. चक्र होतं ते, चालत राहिलं. दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"चाल तं जोरात हाय," ते म्हणाले.

चहाला ते थांबले नाहीत. जिन्यात माझ्याशी एवढंच बोलले, "रविवारी नातवाचं जावळ हाय. दोघंही या," आणि जीप पकडून गेले.

सर माझ्याकडे न पाहता खुर्च्या मोजू लागले. पोरांच्या दोन आयांनी मात्र माझ्याकडे येऊन विचारलं, या वर्गात बायांनाही घेतात का? मी म्हणालो, मला घेतलं, मग कोणालाही घेतील.

आम्ही खाली उतरून घराकडे निघालो. ती पुढं, मी मागं.

"दादा नाराज झाले वाटते," मी म्हणालो.

"झाले असतीन."

"मंग रविवारी कसं करायचं?"

"कसं म्हंजे? जाऊ. पडद्यावर पाह्यली, आता आंगणात पाहतीन," ती म्हणाली. "तुम्ही फक्त माह्या आंधी जाऊन त्याईले सांगू नका, का ते नुसतं कार्टून होतं म्हणून."