१८९५चं घर

कुठलीही वस्तू काका कडेनं धरायचे. बिस्किट असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर आमच्या हिनं तळलेला पापड. अंगठा आणि तर्जनी, मधे वस्तू, आणि तिच्या चेहऱ्याला बोट लागता कामा नये. पहिल्यांदा दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीलाही पापड तसाच धरायला लावला.

"कडेनं धर बेटा. बोटाला तेल असतं."

"बट अंकल, द पापड इज ऑलरेडी ऑइली!"

त्यांनी पापडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले, आणि तरीही कडेनंच खाल्ला.

तुम्ही नोकरीसाठी आखातात राहिला असाल, तर असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. बायको-मुलं गावी, इथे तिघांत एक खोली, आणि त्या खोलीत एखादा नाद, ज्याच्या जोरावर वर्षं निघतात. कुणी गातो, कुणी लॉटरीची तिकिटं घेतो. काका अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर जमवायचे. शंभर वर्षांपूर्वीचे, तळहाताला जड लागणारे. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड.

आम्ही दुबईत एअर कंडिशनिंगच्या एकाच कंपनीत होतो. मी ड्राफ्ट्समन, ते स्टोअरकीपर. मी डक्टची मापं चुकीची काढायची आणि त्यांनी तो परत आलेला माल कुणाला न सांगता मागच्या रॅकवर लावून ठेवायचा, हे आमच्या मैत्रीचं मूळ.

माझ्या आधी तिथे एक अमेरिकन इंजिनियर होता. कायमचा परत जाताना त्यानं आठवण म्हणून काकांच्या हातावर एक डॉलर ठेवला. काकांनी तो आपल्या रीतीनं मुठीत घट्ट आवळला, तर साहेब ओरडला, "बाय द एज! बाय द एज!" काकांना वाटलं, त्याला काहीतरी चावलं. मग साहेबानं विमान गाठायच्या घाईतही तासभर बसून त्यांना शिकवलं. नाणं आधी तीन जागी झिजतं: देवीचा गाल, तिच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती. तिथे बघायचं आणि एक ते सत्तर यांत गुण द्यायचे. काका जन्मभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारत आले होते. गुण देण्याचा अधिकार त्यांना पहिल्यांदा मिळाला, आणि त्यांनी तो कुठेही वापरायला सुरुवात केली.

आमच्या हिच्या पोह्यांना चौसष्ट मिळाले. "सत्तर का नाही?" तिनं विचारलं.

"सत्तर कुणालाच नसतात, वहिनी. बिनहाताळलेल्या वस्तूला असतात. पोहे ढवळावे लागतात."

मला त्यांनी तीस दिले होते. "झिजलायस, पण कोण आहेस ते ओळखू येतं." आमचा मॅनेजर दर पंधरवड्याला केस काळे करायचा. त्याच्याबद्दल काका आवाज खाली आणून म्हणायचे, "पंचावन्नचा माल होता. पण धुतलेला."

धुतलेला! ही त्यांच्याकडची सगळ्यात वाईट शिवी. नाणं धुतलं, घासलं, चमकवलं, की ते संपलं. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला करडा, पिवळा, निळसर रंग म्हणजे मळ नव्हे, ते तिचं वय, असं ते बजावायचे. एकदा ते खरवडून काढलं की चांदी उघडी पडते, आणि जाणकाराला ते लांबूनही दिसतं. धुतलेलं नाणं त्यांच्या अल्बममध्ये जात नसे. त्या अल्बमला अठ्ठावीस गोल खाचा होत्या. त्यांना ते घरं म्हणत. १८७८ ते १९०४ दर वर्षाचं एक, आणि मधे पाडायची थांबवलेली नाणी १९२१ साली पुन्हा पाडली, त्याचं एक.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा सत्तावीस घरं भरली होती. १८९५चं रिकामं होतं. त्या साली अमेरिकेनं हे डॉलर फार थोडे पाडले. आणि काकांच्या साठीला, म्हणजे व्हिसा संपून गावी जायला, दोन वर्षं उरली होती.

"मिरजेला जाईन तर अठ्ठावीस घेऊन जाईन," ते म्हणायचे. "सत्तावीस घेऊन गेलो तर बायको विचारेल, वीस वर्षं तिकडे काय करत होतात?"

"काकू मोजणार आहेत का?"

"ती नाही मोजणार रे. मी मोजीन."

दर शुक्रवारी ते दुबईच्या देरा भागातल्या जुन्या बाजारात जायचे. कधी मीही जायचो, फळांच्या रसाच्या लोभानं. तिथे एक म्हातारा इराणी मोडीची चांदी तोलून विकायचा. तुटके पैंजण, ओमानी गळेसऱ्या, त्यांत ओवलेली कुठकुठल्या राजांची नाणी. काका भिंग लावून तासन्‌तास ढीग उपसायचे. म्हातारा त्यांना "यल्ला, इंजिनियर", म्हणजे चल आटप, म्हणायचा, कारण एवढा वेळ एकाच वस्तूकडे बघणारा माणूस इंजिनियरच असणार अशी त्याची समजूत होती. मी खरा इंजिनियरिंगवाला बाजूला उसाचा रस पीत उभा.

आणि एकदा शुक्रवारची वाट न बघता बुधवारी संध्याकाळीच गेलो, तर ते सापडलं. १८९५. वर करडी झाक, कडेला निळसर कडं. म्हाताऱ्यानं ते सवयीनं तराजूत टाकलं. काकांनी ते तराजूतून उचललं. "वजन से नहीं, चाचा. यह साल का माल है. ज़्यादा लो." आणि वजनाच्या कितीतरी पट पैसे पुढे ठेवले. म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "हबीबी, इसका दिमाग खलास?" मी मान डोलावली. तेव्हा तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या बिल्डिंगमध्ये झुरळांचं औषध मारणार होते. त्या वाफेनं चांदी बिघडेल ही त्यांना धास्ती. अल्बम स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद होता आणि ऑफिस गुरुवार-शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी उघडणार. म्हणून त्याच रात्री ते नाणं कागदी पाकिटात घालून आमच्याकडे घेऊन आले.

"दोन दिवस ठेव. शनिवारी सकाळी आपण दोघं मिळून ते घरात बसवू." पाकिटावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: १८९५, पंचेचाळीस. पंचेचाळीस गुण! माझ्यापेक्षा पंधरा जास्त. दारात पुन्हा वळून म्हणाले, "आणि कडेनं धर."

मी कडेनंच धरलं. सांगायचं राहिलं ते एवढंच, की तो दुसरा दिवस लक्ष्मीपूजनाचा होता.

आमच्या घरी दिवाळीत चांदी घासायचं काम माझ्याकडे. निरांजन, अत्तरदाणी, पाळण्यातला बाळकृष्ण. आधी चिंच, मग पांढरी दंतमंजन पावडर, मग मऊ फडकं. हात चालू होता, मन प्रसन्न होतं. आणि मला वाटलं, एवढी मोठी वस्तू काकांना मिळालीय, आपल्या घरी मुक्कामाला आलीय, तर ती पूजेत मांडू. काका फराळाला येतील, बघतील, भरून येईल त्यांना. पाकीट उघडलं. देवीचा चेहरा काळवंडलेला. पूजेत असं कसं ठेवायचं? काकांची 'धुतलेला' ही शिवी तेव्हा डोक्यातच आली नाही.

तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. तिथेच ठेवा, मी पुढचं सांगतो.

दहा मिनिटांत देवी झगझगीत झाली. कानावरचे केस चमकले, गाल चमकला. हिनं चौरंगावर तांदळाच्या राशीवर तिला बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीला एवढं सवाष्णपण कधी मिळालं नसेल.

काका संध्याकाळी आले, पांढरा झब्बा घालून. नमस्काराला वाकले ते वाकलेलेच राहिले. मुलगी टाळ्या पिटून म्हणाली, "लुक अंकल! पप्पा मेड हर सो क्लीन!"

त्यांनी नाणं कडेनं उचललं, दिव्याखाली धरून या अंगाला, त्या अंगाला कलवलं. मी तोपर्यंत हसत होतो. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मला माझं हसू कुठे ठेवावं कळेना.

"काका... चुकलं का काही?"

"कुंकू छान दिसतंय," ते म्हणाले. नाणं त्यांनी परत तांदळावर ठेवलं. "पूजेतनं उठवू नये. उद्या नेतो." मग ताटातली एक चकली उचलली, कडेनं, आणि खाल्ली. पूर्ण खाल्ली. ती चकली त्यांनी कशी गिळली ते मी आजही आठवायला घाबरतो.

शनिवारी मी स्टोअरमध्ये गेलो तेव्हा अल्बम उघडा होता आणि १८९५चं घर रिकामं. टेबलावर तेच पाकीट होतं. पंचेचाळीसवर काट मारून पुढे लिहिलं होतं: धुतलेलं.

"काका, एवढं एक बसवा ना," मी म्हणालो. "कुणाला कळणारे?"

"मला कळतं." ते चिडले नव्हते. नव्या मालाची यादी बघत होते. "वीस वर्षं मी दुसऱ्यांची धुतलेली नाणी परत केलीत. आता माझं आहे म्हणून आत घेऊ? अजून दोन वर्षं आहेत. शुक्रवारी येतोस का देऱ्याला?"

मग मी एकही शुक्रवार चुकवला नाही. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकून तिथला बाजारही पालथा घातला. एकदा मीच एकट्यानं शोधून काढलं: १८९५, गाल शाबूत, छाती शाबूत, वर काळी झाक. दोनशे दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये. मी धापा टाकत स्टोअरमध्ये पोचलो. काकांनी ते कडेनं घेतलं, बघितलं, आणि उठून शेजारच्या फ्रिजकडे गेले. फ्रिजच्या दारावरून चुंबकाची जाहिरात काढली आणि नाण्याजवळ नेली. नाणं टुणकन उडी मारून तिला चिकटलं.

"पिझ्झावाल्याची जाहिरात धरून बसलीय बघ तुझी देवी," ते म्हणाले. "चांदीला लोहचुंबक लागत नाही रे." आणि त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा पोट धरून हसले. मीही हसलो. दोन हजार रुपयांत ते हसू महाग नव्हतं.

दोन वर्षं संपली. १८९५ पुन्हा काही मिळालं नाही. निघायच्या दिवशी त्यांच्या खोलीत दोरीनं बांधलेले खोके होते आणि अल्बम हातातल्या पिशवीत. त्यांनी खिशातून ते जुनं कागदी पाकीट काढून मला दिलं.

"हे तुझ्याकडे ठेव. कागदातच ठेव, प्लॅस्टिकमध्ये नको. चांदीला परत रंग येतो. वेळ लागतो, पण येतो."

"म्हणजे ते परत चांगलं होईल?"

"धुतलेलं ते धुतलेलंच. अमेरिकावाले घेणार नाहीत." मग म्हणाले, "पण रंग गालापर्यंत आला, तर मी आत घेईन."

त्यांचा नियम त्यांनी माझ्यासाठी एवढाच वाकवला. जिना उतरताना पिशवीही त्यांनी कडेनं धरली होती.

मग दर लक्ष्मीपूजनाला ते नाणं, न घासता, तांदळावर मांडून मी कॉलिंग कार्डानं मिरजेला फोन लावायचो. हॅलो वगैरे काही नाही. "रंग आला का?"

"कडेला थोडा पिवळा दिसतोय."

"कडेनंच येतो. येऊ दे."

एका वर्षी मला धीर धरवेना. कुणीतरी सांगितलं, उकडलेल्या अंड्याशेजारी चांदी ठेवली की दोन दिवसांत काळी होते. मी डबा, अंडं, नाणं अशी सगळी मांडणी केली आणि मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितली.

"काढ!" ते तिकडून ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढ. घाईनं आणलेला रंग म्हणजे परत धुणंच. मी थांबलोय ना? मग तुला काय झालं थांबायला?"

मी फोन तसाच ठेवून डबा उघडला. अंडं मुलीनं खाल्लं.

सहाव्या वर्षी फोन त्यांच्या मुलानं उचलला. काका श्रावणात गेले होते. त्याला माझा नंबर सापडला नव्हता. मी चौरंगासमोर रिसीव्हर धरून उभा होतो, आणि सवयीनं तोंडात आलेलं वाक्य गिळत होतो.

"काका, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "बाबांच्या अल्बममध्ये एका घरात नाणं नाहीये. कागद गोल कापून बसवलाय. त्यावर लिहिलंय: राखीव, दुबईहून येणार. ते नाणं तुमच्याकडे आहे का? कुरियरनं पाठवता का? मी लावून टाकतो."

मी नाणं तांदळावरून उचललं आणि दिव्याखाली कलवलं. कडेचं पिवळं आता निळसर झालं होतं. रंग केसांपर्यंत चढून कानापाशी आला होता.

"आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "पण आत्ता नाही पाठवत. अजून गाल बाकी आहे."

त्याला काही कळलं नसावं.

"तोपर्यंत तो कागद काढू नकोस," मी म्हणालो. "झाला की मी स्वतः घेऊन येईन." आणि नाणं कडेनं धरून परत पाकिटात ठेवलं.